सदुसष्ट

बाणेरला, ड्रायक्लीनरच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
मी चार नेटवर्कांची तोंडं एका ॲपकडे वळवून ठेवते.
पगार त्याचाच.

एकाला नंबराआधी एक्क्याण्णव लागतं,
दुसऱ्याला शून्य चालतं, अधिकचं चिन्ह चालत नाही.
तिसरं आधी "घेतलं" म्हणतं आणि मग घेतं,
कधीकधी घेतही नाही.
चौथं सेकंदाला दहाच निरोप आत सोडतं,
अकरावा उंबऱ्याबाहेर, चपला हातात धरून.
मी ज्याच्याशी त्याच्या बोलीत बोलते
आणि ॲपला सांगते, सगळे एकच बोलतात.
हे खोटं रोज सकाळी नऊच्या आत तयार लागतं.

इंग्रजीत एका निरोपाला एकशेसाठ खुणा.
मराठीत सत्तर.
काना मोजतात, मात्रा मोजतात,
अक्षराचा पाय मोडला तर तोही मोजतात.
आपलं एवढंसं "उद्या" पाच घरं खातं.
सत्तराच्या पुढे गेलात की निरोपाचे तुकडे,
आणि दर तुकड्यातल्या तीन खुणांची जागा जाते
हा कुणाचा कोण, एवढं सांगण्यात.
उरतात सदुसष्ट.

पौड रोडच्या डायलिसिस सेंटरचं काम होतं.
मजकूर मीच लिहिला, जरा अदबीनं:

नमस्कार. उद्या सकाळी सहा वाजता डायलिसिस आहे. वेळेवर या, पण उपाशी ये

इथे सदुसष्ट भरतात.
"ऊ नका" पुढच्या तुकड्यात.

दुसऱ्या नेटवर्कनं त्या तीन खुणा फेकून दिल्या.
का, ते अजून कळलेलं नाही.
गुरगावहून उत्तर आलं: काइंडली चेक फ्रॉम युअर एंड.

गेनू मरगळे, वय एकसष्ट,
मुळशी धरणाच्या पार मागच्या अंगाला वस्ती,
रेंज फक्त पाण्याच्या टाकीशेजारी, तीही याच नेटवर्कची.
रात्री त्यांनी पहिला तुकडा नातवाकडून वाचून घेतला,
भाकरी तशीच झाकून ठेवली
आणि पहाटे तीनला दुधाच्या टेम्पोत बसले.

साडेआठला सिस्टर रूथ पगारेंचा फोन.
"तुमच्या मेसेजमुळे माणूस उपाशी आला हो.
मशीनवर घाम फुटला, साखर पार खाली."
माझ्यापुढे रिपोर्ट उघडा होता.
पहिला तुकडा: पोचला. दुसरा तुकडा: पोचला, सात बावन्न.
मी म्हटलं, आमच्या बाजूनं दोन्ही पोचलेत.
म्हटलं, आणि गुरगावचा आवाज माझ्याच तोंडून ऐकला.

स्कूटर काढली. पाषाणवरून चांदणी चौक,
तिथे नवीन पुलावर नेहमीसारखी एकदा चुकले.
मरगळे बाकावर बसून चहात ग्लुकोजचं बिस्किट बुडवत होते,
दंडाला पट्टी, गुडघ्यावर बटणांचा फोन.
मी सांगायला लागले: तुकडे, खुणा, नेटवर्क.
त्यांनी बिस्किट संपेपर्यंत ऐकून घेतलं.
"आदी या म्हन्लंय," ते म्हणाले, "मागनं ये म्हन्लंय.
मला वाटलं, कुनीतरी घरातलंच हाय."

मग फोन पुढे केला. "आन् ह्ये काय?"
पडद्यावर एकटंच, कुणाचं कोण ते न सांगता:
ऊ नका.
"नातवाला इचारलं. तो म्हन्ला, बाबा, ऊ मारू नका."
सिस्टर हसल्या. मला हसता येईना,
मग आलं.

संध्याकाळी ऑफिसात बिपिन घोटवडेकर
तुकडे तपासायचा कोड लिहीत बसला, दोनशे ओळी.
मी मजकूर उघडला.
"उपाशी येऊ नका" खोडलं.
लिहिलं: जेवून या
मोजलं. आठ.
मग लिहून पाहिलं: जेवून ये
तेही आठच.

बराच वेळ दोन्ही पडद्यावर तशीच ठेवली,
एकाखाली एक.
खालच्या ड्रायक्लीनरनं शटर ओढलं.
सेंटरला "या" पाठवलं.